हस्ते, पट्टी, सरासरी : नाशिक परिसरातील हिशेबी गद्याच्या शैलीचा इतिहास

नाशिकच्या वाङ्मयीन परंपरेचा विचार करताना कुसुमाग्रज, वसंत कानेटकर, बाबूराव बागूल ही नावे ओघानेच येतात. त्याच गावाच्या पंचक्रोशीत सुमारे एकोणीस शतकांपासून दुसराही एक लेखनव्यवहार चालत आलेला आहे. किती आले, कोठे गुंतवले, किती वाढले, कोणाकडे राहिले आणि पुढे किती होण्याचा संभव आहे, हे सांगणाऱ्या गद्याचा हा व्यवहार आहे. आज महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत ज्याला ‘व्यवसाय-विश्लेषण’ म्हटले जाते, त्याचे हे जुने घराणे होय. मराठी समीक्षेने या घराण्याची दखल घेतलेली नाही. गद्याचा इतिहास महानुभावांपासून बखरींकडे, बखरींकडून निबंधाकडे आणि निबंधाकडून कादंबरीकडे येतो. वाटेतले हिशेबाचे कागद इतिहाससंशोधकांकडे सोपवून समीक्षक पुढे जातो. संशोधक त्या कागदांतून आकडे उचलतो, नावे उचलतो, तारखा लावतो. त्याच्या लेखी ते साधन असते. कागद ही एक संहिता आहे, तिला वाक्यरचना आहे, निवेदक आहे, श्रोता आहे, ही बाजू दोघांच्याही हातून निसटते.

शैलीविज्ञानाने व्यवहारभाषेकडे पाहिले तेव्हाही तिची विभागणी बहुधा ‘सुबोध’ आणि ‘क्लिष्ट’ अशीच केली. अहवालाची भाषा क्लिष्ट, बाजारवृत्ताची चटकदार, पाठ्यपुस्तकाची संस्कृतप्रचुर, अशी विशेषणे लावून वर्णन पुरे केले जाते. परंतु एकाच मालाविषयी, एकाच दिवशी, एकाच आकड्याला धरून लिहिलेल्या दोन मजकुरांच्या शैली वेगळ्या का होतात, याचे उत्तर या विशेषणांत नाही. ते शोधावयाचे तर वाक्यात नाव कोणाचे येते आणि त्या नावाला कोणापुढे जाब द्यावयाचा आहे, हे पाहावे लागते. हिशेबी गद्याच्या शैलींतील भेद हे मुख्यतः जाब देण्याच्या रीतींतील भेद आहेत, आणि नाशिक परिसरातील सामग्री या दृष्टीने विशेष बोलकी आहे.

ही सामग्री पांडवलेण्यांपासून सुरू होते. त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे प्राकृत लेख आहेत. दानलेख म्हणून ते प्रसिद्ध आहेत आणि राजकीय इतिहासकारांनी सातवाहन-क्षत्रप संघर्षाच्या कालनिश्चितीसाठी ते पुष्कळ घासले आहेत. त्यांपैकी बेचाळिसाव्या वर्षाचा लेख गद्य म्हणून वाचला तर तो गुंतवणुकीचा एक पूर्ण आराखडा ठरतो. संघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी दिली आहे. ती गोवर्धनात राहणाऱ्या श्रेणींकडे ठेवली आहे. विणकरांच्या एका निकायाकडे २०००, त्यावर वाढ दरमहा शेकडा एक. दुसऱ्या निकायाकडे १०००, त्यावर वाढ शेकडा पाऊण. मूळ रक्कम परत द्यावयाची नाही, फक्त वाढीचा उपभोग घ्यावयाचा. दोन हजारांच्या वाढीतून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण; हजारांच्या वाढीतून किरकोळ खर्च. हे सर्व निगमसभेत ऐकवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले, असेही लेख सांगतो.

वाचकाने बेरीज करून पाहावी. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस; वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. लेखात ‘दोनशे चाळीस’ हा आकडा कोठेही नाही. दोन बाजू दिल्या आहेत आणि ताळा वाचणाऱ्यावर सोडला आहे. हे साधे वाटते, पण शैलीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वाचणारा स्वतः हिशेब करील आणि चूक काढील, हे गृहीत धरून केलेले हे लेखन आहे. पंचेचाळिसाव्या वर्षाच्या नोंदीतही सत्तर हजार कार्षापणांच्या दानाशेजारी एका सुवर्णास पस्तीस हा दर आणि दोन हजार सुवर्ण ही संख्या दिली आहे; गुणाकार जुळतो. आकडा सांगितला की त्याची किल्लीही सांगावयाची, ही या गद्याची रीत आहे. भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट येथे थांबवते. व्याजासाठी लेखात ‘वधि’ हा शब्द आहे, तर पाऊण टक्क्याच्या दराला ‘पायून’ हे रूप आहे. मराठी शेतकरी अजून ‘वाढीदिढी’ आणि ‘पाऊण’ म्हणतो. मराठीच्या पूर्वरूपाचा शोध शिलालेखांत घेणाऱ्यांनी व्याजाच्या ओळीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

याच डोंगरावर आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाची एक शक स्त्री आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कुलरिक, ओदयंत्रिक, तिलपिषक अशा श्रेणींकडे रकमा ठेवते. हाच साचा, हीच वाक्ये. राजवंश बदलला, दाता बदलला, तरी ठेव ज्यांच्याकडे ठेवली त्यांचे नाव आणि ठेवीचे कारण या दोन गोष्टी वाक्यातून हलल्या नाहीत.

नंतरच्या अनेक शतकांतील असे कागद या परिसरात सलग मिळत नाहीत. त्यामुळे पुढचा विचार मराठी दफ्तराच्या एकूण रीतीवरून करावा लागतो. लेखनाचे नियम सांगणाऱ्या ‘मेस्तक’ नावाच्या पुस्तिकांचे श्रेय परंपरा यादवांचा प्रधान हेमाद्री याला देते. उपलब्ध प्रतींची भाषा मात्र बरीच नंतरची आहे. शिवकाळात रघुनाथपंतांच्या नावाने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत लेखनवर्ग आणि पण्यवर्ग असे स्वतंत्र वर्ग आहेत. लिहिणे आणि विकणे या दोन्ही गोष्टी राज्याच्या शब्दसंपत्तीत मोजल्या जात होत्या, हे त्यावरून दिसते. पेशवाईत तर नाशिक-त्र्यंबक हे तीर्थ म्हणून आणि पेशव्यांच्या कुटुंबीयांचे निवासस्थान म्हणून सरकारी खर्चाचे एक ठळक ठिकाण झाले. देवस्थाने, घाट, वाडे, अन्नछत्रे यांचा जमाखर्च मोडीत लिहिला जात होता.

या जमाखर्चाचे गद्य क्रियापदाला फारसे विचारत नाही. ‘जमा’ आणि ‘खर्च’ ही दोन शीर्षके, त्यांखाली ‘पैकी’, ‘बितपशील’, ‘येणेप्रमाणे’, ‘वजा’, ‘बाकी’, ‘शिल्लक’. एक कलम दुसऱ्याच्या पोटात, दुसरे तिसऱ्याच्या. आधुनिक मराठी वाक्याची सवय झालेल्या डोळ्याला ही वाक्येच वाटत नाहीत. पण प्रत्येक कलमाजवळ दोन लहान शब्द उभे असतात : ‘बद्दल’ आणि ‘हस्ते’. कधी ‘हस्ते’च्या जागी ‘गुजारत’ येतो, कधी ‘विद्यमान’, कधी ‘निसबत’. रक्कम कशाबद्दल गेली आणि कोणाच्या हातून गेली, हे लिहिल्याशिवाय कलम पुरे होत नसे. ज्याचे कारण अजून ठरलेले नाही अशा रकमेलाही ‘तसलमात’ हे स्वतंत्र खाते होते, आणि ती ज्याच्या नावे पडली त्याच्या नावेच राहत असे. दफ्तरातील सामान्य कारकुनाने केलेली नोंद दोनशे वर्षांनी वाचणाऱ्यालाही माणसे दिसतात, त्याचे कारण हे आहे.

इंग्रजीतील कार्यालयीन गद्यावर टीका करताना मायकेल हॅलिडे यांच्या परंपरेतील अभ्यासक नामीकरणाला बोल लावतात. क्रिया नामरूप झाली की कर्ता नाहीसा होतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. इंग्रजीपुरते ते मान्य व्हावे. मराठी जमाखर्च मात्र जवळजवळ संपूर्णपणे नामरूप असूनही कर्त्याला सोडत नाही, कारण तेथे कर्ता वाक्याच्या व्याकरणाने राखलेला नसून कागदाच्या रिवाजाने राखलेला आहे. तेव्हा ‘क्रियापदे वापरा, कर्तरी प्रयोग करा’ हा आजच्या व्यावसायिक लेखनाच्या पुस्तकांतील उपदेश मराठीच्या बाबतीत अर्ध्यावरच थांबतो. कर्तरी प्रयोगात लिहिलेले, पण कोणाचाच हात न दाखवणारे वाक्य मराठीत सहज होते. ‘कांदा घसरला’ हे तसे वाक्य आहे. त्याकडे पुढे यावयाचेच आहे.

जुन्या रीतीतील आणखी एक भेद येथे नोंदवला पाहिजे. पुढील वर्षाच्या अपेक्षित जमाखर्चाचा ‘अजमास’ किंवा ‘बेहेडा’ हा एक कागद आणि झालेल्या जमाखर्चाचा ‘ताळेबंद’ हा दुसरा. दोन्हींचे आकडे तपासताना समोरासमोर येत, पण होणाऱ्याला झालेल्याच्या पंगतीला बसवले जात नसे. ‘अजमासे’ हा शब्द मराठीत अजूनही संशय ठेवून बोलण्याचा शब्द आहे, यात त्या कागदाची आठवण उरली आहे.

एकोणिसाव्या शतकात छापखाना, रेल्वे आणि अर्थशास्त्र ही तिन्ही जवळपास एकदमच आली. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. माडगावकरांच्या गद्यात आकडा ही नवलाची वस्तू आहे. किती गाठी कापूस, किती गलबते, किती रुपये, हे ते एखाद्या जत्रेचे वर्णन करावे तसे सांगतात. जाब मागण्याचा प्रश्नच तेथे नाही. वाचकाने थक्क व्हावे एवढीच अपेक्षा आहे. मराठी वृत्तपत्रांतील ‘विक्रमी उलाढाल’ या शब्दप्रयोगाचे मूळ या थक्क होण्यात आहे, असे म्हणता येईल.

१८८३ हे वर्ष या इतिहासात अधिक महत्त्वाचे. त्या वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा, नाशिक जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. गॅझेटियरची रचना सर्वांना परिचित आहे. वर्णन, उत्पादन, लोक, शेती, भांडवल, व्यापार अशी प्रकरणे, प्रत्येकात कोष्टके, आणि सर्वांवर पसरलेला एक स्थिर वर्तमानकाळ. सावकार व्याज घेतो, कुणबी कर्ज काढतो, माल रेल्वेने जातो. अमुक सावकार, अमुक कुणबी, अमुक वर्षी असे नाही. जात म्हणून, वर्ग म्हणून, नेहमी. या गद्याचा निवेदक कोठे उभा आहे ते कळत नाही आणि त्याला जाब विचारणाराही कोणी कल्पिलेला नाही. वाचणारा पुढचा कलेक्टर आहे.

फुल्यांचे गद्य याच्या नेमके उलट चालते. त्यांच्याही जवळ आकडे आहेत. सरकारी नोकरांचे पगार आणि शेतकऱ्याचा संसारखर्च ते शेजारी शेजारी ठेवतात. पण आकडा आला की लगेच घर येते : ओसरी, गोठा, फाटके पांघरूण, कर्जाच्या वाटाघाटीहून परतलेला धनी. कोष्टकातील ओळ फुले दारातून आत नेतात. लांबच लांब, उपवाक्यांनी लादलेली त्यांची वाक्ये मराठी समीक्षेने दीर्घकाळ ‘ओबडधोबड’ मानली. हिशेबी गद्याच्या बाजूने पाहिले तर त्या लांबीचे कारण दिसते. सारा, कुलकर्ण्याचा हात, भटाची दक्षिणा, सावकाराचे व्याज आणि गोऱ्या कामगाराची सुस्ती ही सारी कलमे त्यांना एकाच वाक्यात, एकाच माणसाच्या नावे टाकावयाची आहेत. ती जमाखर्चाची ‘पैकी’-रचनाच आहे, फक्त ‘हस्ते’च्या जागी आरोप आला आहे. ‘दीनबंधू’त या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणे छापून नारायण मेघाजी लोखंड्यांनी पुढे छापणे थांबवले, यावरून समकालीनांनाही ती रचना किती टोचली असेल ते समजते.

सहकाराच्या अहवालांविषयी थोडक्यात सांगता येईल. १९०४ च्या कायद्यानंतर पतपेढ्या आल्या, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानंतर कारखाने, खरेदी-विक्री संघ, बँका यांचे जाळे नाशिक जिल्ह्यातही पसरले. प्रत्येक संस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत छापला जाऊ लागला. संख्येने पाहता हे मराठीतील सर्वांत विपुल विश्लेषणात्मक गद्य असावे, आणि वाचले मात्र सर्वांत कमी जाते. ‘अहवाल सालात’, ‘समाधानकारक प्रगती’, ‘नैसर्गिक आपत्तीमुळे’, ‘सभासदांचे सहकार्य लाभले’. नफा संचालक मंडळाच्या मार्गदर्शनाने होतो, तोटा हवामानाने. सभेपुढे ठेवावयाचा कागद असल्यामुळे त्यात जाब देण्याचा आकृतिबंध शाबूत आहे : अध्यक्षांची सही, लेखापरीक्षकाचा शेरा, दोषदुरुस्ती अहवाल. आकृतिबंध राहिला आणि आतला ‘हस्ते’ गेला. राजभाषा अधिनियमानंतर घडवलेल्या परिभाषेवर या भाषेचे खापर फोडण्याची पद्धत आहे. ते फारसे न्याय्य नाही. ‘नफातोटा पत्रक’ किंवा ‘थकबाकी’ हे शब्द कोणाही सभासदाला कळतात. न कळणारे असते ते थकबाकीदाराचे नाव.

खरी समृद्ध सामग्री बाजारवृत्ताची आहे. लासलगावची कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ ची. नाशिकात दादासाहेब पोतनिसांनी ‘गावकरी’ सुरू केला तो १९३८ मध्ये. कांद्याची बाजारपेठ आणि जिल्ह्याचे वृत्तपत्र अशी दोन्ही पाठोपाठ उभी राहिल्याने बाजारभावाच्या रकान्याला येथे जी प्रतिष्ठा मिळाली ती इतरत्र क्वचित दिसते. या रकान्याची स्वतःची बोली आहे. ‘आवक’, ‘उठाव’, ‘तेजी’, ‘मंदी’, ‘नरमाई’. मालात ‘लाल’, ‘उन्हाळ’, ‘रांगडा’, ‘गोल्टी’. भाव ‘वधारतो’, ‘कडाडतो’, ‘स्थिरावतो’, ‘घसरतो’, ‘कोसळतो’. ही सारी अकर्मक क्रियापदे आहेत. कांदा स्वतःच चढतो आणि स्वतःच पडतो. लिलावात बोली लावणारा, ती थांबवणारा, निर्यातीचा निर्णय घेणारा, साठा उघडणारा, यांपैकी कोणीही वाक्यात येत नाही. व्याकरणदृष्ट्या प्रयोग कर्तरी आहे. हात मात्र दिसत नाही.

ही क्रियापदे कोणाच्या बाजूने बोलतात हेही ठरलेले आहे. पुण्या-मुंबईच्या पानावर भाव ‘भडकतो’ आणि मग ‘आटोक्यात येतो’. त्याच आठवड्यात, त्याच आकड्यावर जिल्हा आवृत्तीत तो ‘सावरतो’ आणि मग ‘गडगडतो’. ‘कांद्याने डोळ्यांत पाणी आणले’ हा मराठी वृत्तसंपादकांचा सर्वांत झिजलेला मथळा दोन्हीकडे चालतो. शहरात भाव चढला की, गावात भाव पडला की. डोळे कोणाचे, ते मथळा सांगत नाही. वाचणाऱ्याने आपले समजावयाचे. एक संहिता आणि दोन वाचकवर्ग यांविषयी वाचककेंद्री समीक्षेने बरेच लिहिले आहे. इतके स्वच्छ उदाहरण तिला कादंबरीत सापडणे कठीण.

‘सरासरी’ या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. बाजार समितीच्या पत्रकात तीन रकाने असतात : किमान, कमाल, सर्वसाधारण. ‘सर्वसाधारण’ म्हणजे त्या दिवशी बहुसंख्य मालाला ज्या दराच्या आसपास बोली लागली तो दर. तो गणिती मध्य नव्हे. वृत्तपत्रात येता येता त्याची ‘सरासरी’ होते, आणि सरासरी म्हटल्यावर तो सर्वांना मिळाल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात सरासरी कोणाच्याही हाती पडत नाही. शेतकऱ्याच्या हाती पडते ती पट्टी.

पट्टी ही या परिसरातील सर्वांत अधिक वाचली जाणारी हिशेबी संहिता आहे. वजन, भाव, एकूण रक्कम, वजा हमाली, तोलाई, वाराई, वाहनभाडे, घेतलेली उचल, बाकी देय. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले, तेव्हा या कागदातील एक ओळ कमी झाली. वरून खाली वाचताना रक्कम लहान होत जाते. शेवटच्या ओळीकडे नजर आधी जाते आणि मग वर चढते. मराठीत खालून वर वाचला जाणारा हा बहुधा एकमेव गद्यप्रकार. ‘पट्टी’ शब्दाला कराचाही अर्थ आहे : घरपट्टी, पाणीपट्टी, आणि पेशवाईत लढाईच्या खर्चासाठी बसवलेल्या पट्ट्या. देण्याचा आणि घेण्याचा कागद एकाच नावाने ओळखणाऱ्या भाषेला काही अनुभव असला पाहिजे.

पट्टीतील शेवटची ओळ आणि सरासरीचा रकाना यांमधील अंतर गद्यात आणण्याचे काम शरद जोशींनी केले. त्यांचे शिक्षण वाणिज्याचे. काही काळ त्यांनी कोल्हापुरात अध्यापन केले, पुढे डाकसेवेत आणि बर्न येथील जागतिक डाक संघटनेत नोकरी केली, आणि परतून चाकणजवळ कोरडवाहू शेती केली. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे रोखणारे आंदोलन झाले, तेव्हा त्याच्या सभांतून जे बोलले गेले ते बहुतांशी उत्पादनखर्चाचे पत्रक होते. बियाणे किती, खत किती, बैलाचा दिवस किती, घरच्या बाईच्या मजुरीचा रोज किती. ‘शेतकरी संघटना : विचार आणि कार्यपद्धती’ या १९८२ च्या पुस्तकात आणि नंतरच्या लेखनात ही मांडणी स्थिर झाली. ‘उणे सबसिडी’ हा त्यांचा शब्द घ्यावा. ‘उणे’ हे बेरीज-वजाबाकीच्या पाटीवरचे अस्सल मराठी, ‘सबसिडी’ हे सरकारी फायलीतले इंग्रजी. दोन्ही जोडल्याने सरकार देते आहे की घेते आहे, हा प्रश्न एकाच सामासिक शब्दात बसला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेतही कर्त्याला जागा नाही, पण भीक देणारा आणि घाम गाळणारा असे दोन पक्ष समोरासमोर उभे आहेत. जोशींच्या अर्थकारणाशी मतभेद असणारे पुष्कळ आहेत. शेतमजुराच्या रोजाचा हिशेब या पत्रकात कोणाच्या बाजूने केला आहे, हा त्यांतला सर्वांत गंभीर आक्षेप. तरीही मराठी गद्याच्या इतिहासात, हजारोंच्या सभेला कोष्टक ऐकवून खिळवून ठेवणारी शैली म्हणून त्यांचा विचार व्हावयास हवा. निगमसभेत हिशेब ‘ऐकवला’ जात होता, हे येथे सहज आठवते.

पाश्चात्य विचारात या प्रश्नाला दोन बाजूंनी भिडले गेले आहे. डिअर्ड्रा मॅक्लोस्की यांनी १९८५ मध्ये ‘द रेटरिक ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये अर्थशास्त्रज्ञही रूपक, दाखला आणि कथन यांनीच मन वळवतात असे दाखवले. थिओडोर पोर्टर यांच्या १९९५ च्या ‘ट्रस्ट इन नंबर्स’चा युक्तिवाद असा की, जेथे माणसांवर विश्वास ठेवता येत नाही, अंतर मोठे असते, तेथे व्यक्तिनिरपेक्ष आकडा विश्वासाची जागा घेतो. आधुनिक नोकरशाहीला हे लागू पडते. गोवर्धनच्या श्रेणींचा लेख आणि मोडी जमाखर्च मात्र या मांडणीत बसत नाहीत. तेथे आकडा माणसाची जागा घेत नाही. आकड्यामुळे माणूस बांधला जातो. आकडा व्यक्तिनिरपेक्ष असतो हे विधान सार्वत्रिक नसून एका विशिष्ट कागदपद्धतीचे वर्णन आहे, एवढे तरी या सामग्रीवरून म्हणावे लागते.

आजचे व्यवसाय-विश्लेषण ही त्या कागदपद्धतीची पुढची पायरी आहे. टॉमस डेव्हनपोर्ट आणि जीन हॅरिस यांच्या २००७ च्या ‘कॉम्पिटिंग ऑन अ‍ॅनालिटिक्स’ या पुस्तकानंतर हे नाव व्यवस्थापनशास्त्रात रूढ झाले. काय घडले, का घडले, काय घडेल आणि काय करावे, असे विश्लेषणाचे चार स्तर आता सर्वत्र शिकवले जातात. मराठी व्याकरणाच्या भाषेत हा भूतकाळाकडून कारणवाचक वाक्याकडे, तेथून भविष्यकाळाकडे आणि शेवटी विध्यर्थाकडे जाणारा प्रवास आहे. प्रत्येक स्तराची शैली वेगळी असणे स्वाभाविक होते. तसे होत नाही, कारण पडद्यावरील डॅशबोर्डवर चारही एकाच आलेखात येतात. झालेल्या आकड्यांची रेघ सलग, होणाऱ्यांची तुटक. जेथे सलग संपून तुटक सुरू होते तेथे वाचकाची नजर थांबत नाही. अजमास आणि ताळेबंद हे दोन कागद एक झाले. हा मजकूर नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत, द्राक्षनिर्यातदारांच्या आणि वायनरींच्या कचेऱ्यांत इंग्रजीतच लिहिला जातो. मराठीत तो उतरतो तो शेतकऱ्याच्या फोनवर येणाऱ्या भाकितांच्या रूपाने : ‘दर वाढण्याची शक्यता’, ‘दर दबावात राहण्याचा अंदाज’. अंदाज कोणाचा, हे षष्ठीचे रूप वाक्यात नसते.

८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसले होते आणि जिल्ह्यातील बाजार समित्यांतील लिलाव काही दिवस थांबले होते. मे २०२४ मध्ये बंदी उठली, शुल्क राहिले. ते १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण निघाले. या काळातील सरकारी निवेदनांत ‘ग्राहकांना वाजवी दरात उपलब्धता’ हे प्रयोजन वारंवार येते आणि बाजारवृत्तांत ‘बंदीचा फटका’. पहिल्यात ‘बद्दल’ आहे, ‘हस्ते’ नाही. दुसऱ्यात फटका आहे, तो बसलेला आहे, मारणारा अध्याहृत.

त्याच्या पाच वर्षे आधी, २०१८ च्या अखेरीस, नाशिक जिल्ह्यातील एका कांदा उत्पादकाला ७५० किलो मालाचे १,०६४ रुपये मिळाले होते. किलोला दीड रुपयाहूनही कमी. ती सगळी रक्कम त्याने पोस्टात जाऊन पंतप्रधानांच्या नावे मनीऑर्डरने पाठवली. मनीऑर्डरच्या फॉर्मवर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, रक्कम आणि संदेशासाठी थोडी जागा एवढेच असते. रक्कम परत आली. पाठवावयाची असल्यास ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवावी, असे त्याला कळवण्यात आले.